साथिया आणि लाल कोट

‘शिंडलर्स लिस्ट’ एकदा पाहिला की पुन्हा लावायला मन धजत नाही. तीन तासांहून मोठा, जवळजवळ सगळा काळापांढरा, आणि पानोपानी मरण. तरी स्टीव्हन स्पीलबर्गचा 1993 सालचा हा सिनेमा मी नुकताच कामरेजच्या घरी पुन्हा पाहिला. या वेळी कॉलेजात जाणाऱ्या भाचीला शेजारी बसवून.

गोष्ट खरी आहे. ऑस्कर शिंडलर नाझी पक्षाचा सभासद. क्राकोमध्ये पैसा कमवायला आला, ज्यूंना कारखान्यात स्वस्तात राबवलं, आणि पुढे तोच पैसा ओतून सुमारे 1,100 जीव वाचवले.

साठ लाख हा आकडा डोळ्यांपुढे उभा राहत नाही. लाल कोटातली एक चिमुरडी मात्र राहते. बिनरंगी पडद्यावर तेवढाच लाल ठिपका गल्लीतून चालत जातो, आणि नंतर प्रेतांच्या गाडीवर दिसतो. शेवटी शिंडलर रडतो: ही मोटार विकली असती तर आणखी दहा माणसं, ही सोन्याची पिन म्हणजे दोन. काहींना हा प्रसंग भडक वाटतो. मला तो सिनेमाचा गाभा वाटतो. अपरिग्रहावरची कितीतरी व्याख्यानं आपण ऐकतो. वस्तूची किंमत जिवांत मोजलेली इथे दिसते.

मध्येच भाचीनं विचारलं, “मावशी, यांच्या दंडावर आपला साथिया कसा गं?”

प्रश्न अगदी रास्त. देरासरात आपण अक्षतांचा साथिया काढतो, तो चार गतींचा. वर रत्नत्रयाच्या तीन ढिगल्या, त्यावर सिद्धशिला. सुपार्श्वनाथांचं ते लांछन. नाझींनी 1920 साली तसंच चिन्ह तिरकं करून झेंड्यावर घेतलं. युद्धाच्या सनावळ्या मुलांना पाठ असतात, पण एवढं कुणी सांगितलेलं नसतं. म्हणून तर 2006 साली खारघरला ‘हिटलर्स क्रॉस’ हे हॉटेल निघालं, 2012 साली अहमदाबादेत ‘हिटलर’ नावाचं कपड्यांचं दुकान. ज्यू मंडळींनी हरकत घेतली तेव्हा नावं बदलली. आणि ‘हिटलर दीदी’ मालिका तर आपण बायकांनीच जेवणं आटोपून पाहिली. कडक सासूला आपण सहज हिटलर म्हणतो, मग पोरांना काय बोल लावायचा?

सिनेमात उणीवही आहे. वाचवणारा मध्यभागी, वाचलेले बरेचसे कडेला. हिशेब सांभाळणारा स्टर्न सोडला तर ज्यू माणूस म्हणून फारसा ओळखीचा होत नाही. ती ओळख आपणच करून द्यावी. कोकणातले बेने इस्रायली, शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून ‘शनिवार तेली’, घरात मराठी बोलणारे. ज्यू म्हणजे कुणी दूरचे नव्हेत, हे मुलांना त्यातून कळतं.

मुंगी वाचवायला आपण मुलांना लहानपणीच शिकवतो. माणसाला आधी किडा म्हणायचं, मग चिरडायचं, हे कसं घडत गेलं तेही जाणत्या वयात दाखवायला हवं. सिनेमा लावा, पण मुलांना एकटं बसवू नका. रिमोट हातात ठेवा. प्रश्न आला की थांबवा, आणि उत्तर देऊनच पुढे चला.