एक शाळा, दोन आठवणी

आत्मचरित्रातील शाळेचे प्रकरण वाचताना वाचक पुष्कळदा घाईत असतो. मोठेपणीचे कर्तृत्व कधी सुरू होते, याकडे त्याचे लक्ष लागलेले असते. इंग्लंडच्या वाङ्मयात मात्र या प्रकरणाने स्वतंत्र शाखेचे रूप घेतले आहे. तेथील 'पब्लिक स्कूल' नावाने सार्वजनिक असले, तरी वस्तुतः ती भरभक्कम फी घेणारी खाजगी निवासी शाळा असते. आमच्या इंदूरच्या डेली कॉलेजमुळे ही परंपरा आम्हांला अगदीच परकी नाही. थॉमस ह्यूझ यांच्या १८५७ सालच्या 'टॉम ब्राउन्स स्कूल डेज' या कादंबरीने अशा शाळेला चारित्र्याची कार्यशाळा म्हणून गौरविले. विसाव्या शतकातील लेखकांनी त्या गौरवाची उलटतपासणी केली. तिच्यातील दोन साक्षी येथे तपासावयाच्या आहेत. कारण दोन्ही साक्षीदार एकाच शाळेचे विद्यार्थी होते.

ससेक्समधील ईस्टबोर्न येथे सेंट सिप्रियन्स ही पूर्वतयारीची शाळा होती. ईटनसारख्या पब्लिक स्कूलमध्ये प्रवेश मिळावा म्हणून आठव्या वर्षापासून मुले तेथे ठेवीत. बिहारातील मोतिहारी येथे जन्मलेला एरिक ब्लेअर, म्हणजेच पुढचा जॉर्ज ऑर्वेल, १९११ साली तेथे दाखल झाला. सिरिल कॉनोली हा त्याचा शाळासोबती. दोघेही शिष्यवृत्ती मिळवून ईटनला गेले. तेथून कॉनोली ऑक्सफर्डला गेला. ऑर्वेल विद्यापीठाची पायरी न चढता १९२२ साली ब्रह्मदेशात पोलीस अधिकारी झाला आणि पाच वर्षांनी ती नोकरी सोडून लेखनाकडे वळला.

कॉनोलीचे 'एनिमीज ऑफ प्रॉमिस' १९३८ साली निघाले. उमेद दाखविणारे लेखक टिकाऊ पुस्तक का लिहू शकत नाहीत, हा त्याचा प्रश्न. आणि उत्तर शोधताना तो अखेरच्या भागात स्वतःच्या शालेय आयुष्यापाशी येऊन थांबतो. त्याचा सिद्धान्त प्रसिद्ध आहे. मोठ्या पब्लिक स्कूलमधील जय आणि पराजय इतके उत्कट असतात की विद्यार्थ्याची वाढ तेथेच खुंटते. तो जन्मभर पौगंडावस्थेतच राहतो. अपयशाइतकेच यशही घातक ठरू शकते, हा त्यातील मार्मिक भाग होय.

ऑर्वेलचा 'सच, सच वेअर द जॉईज' हा निबंध त्या पुस्तकाला जोड म्हणून लिहिला गेला. अब्रुनुकसानीच्या भीतीने तो लेखकाच्या हयातीत छापला गेला नाही. मृत्यूनंतर १९५२ साली अमेरिकेत शाळेचे नाव बदलून आला, आणि मुख्याध्यापकांच्या पत्नी निवर्तल्यानंतर १९६८ साली इंग्लंडमध्ये. अंथरूण ओले करण्याबद्दल बसलेला मार, श्रीमंतांच्या मुलांना मिळणारी सूट, घोकंपट्टी, या सर्वांहून एक गोष्ट त्याला खोल लागली. तो कमी फीवर शिकत होता, आणि हे उपकार त्याला वारंवार ऐकविले जात.

काही टीकाकारांनी '१९८४' या कादंबरीतील दहशत थेट या शाळेतून काढून दाखविली आहे. आम्हांला हा कार्यकारणभाव फार सोपा वाटतो. तसे असते तर त्या शाळेने ऑर्वेलांची एक फौजच निर्माण केली असती. शिवाय स्मृती ही मागाहून लिहिली जाते. बालपणाविषयी लिहिताना अतिशयोक्ती व आत्मकरुणा टाळावी, हे ऑर्वेल स्वतःच बजावतो. आणि त्याची बालमैत्रीण जॅसिंथा बडिकॉम यांनी १९७४ साली 'एरिक अँड अस'मध्ये, तो दुःखी मुलगा नव्हताच, असे आग्रहाने मांडले.

मग शाळेने दिले काय? दोन्ही लेखन शेजारी ठेवून वाचले असता एकच शब्द हाती लागतो: मर्जी. मुख्याध्यापकांच्या पत्नीची मर्जी केव्हा असेल आणि केव्हा उतरेल, यावर मुलांचे दिवस अवलंबून असत, हे दोघेही सांगतात. कॉनोली विनोदाच्या व आर्जवाच्या बळावर मर्जी मिळवावयास शिकला. ऑर्वेल मर्जीमागची सत्ता ओळखावयास शिकला. पुढे ब्रह्मदेशात तीच सत्ता स्वतःच्या हाती आली, तेव्हा तिची त्याला शिसारी आली. घटना समान, परंतु ज्याच्या फीचा हिशेब काढला जातो, त्याची दृष्टी निराळी होते. न्याय म्हणून हेही नोंदविले पाहिजे की, त्या बाई इंग्रजी शिकवीत आणि साध्या, स्वच्छ लेखनाचा आग्रह धरीत, असे त्यांच्या इतर विद्यार्थ्यांनी सांगितले आहे. ऑर्वेलच्या गद्याचा गुण नेमका तोच! शाळा जे शिकविते आणि जे भोगावयास लावते, ते दोन्ही एकाच पेनातून उतरते.

हे परीक्षण तटस्थपणे संपविणे आम्हांस शक्य नाही. नोकरीच्या आरंभी, एका शाळेत, फीमाफीच्या, म्हणजे आपल्या जुन्या शब्दांत नादारीच्या मुलांना आम्ही भर वर्गात उभे करून त्यांची नावे लिहून घेत असू. तक्ता भरावयाचा असे. त्यापलीकडे आमचा काही हेतू नव्हता. त्यांतील एक विद्यार्थी, आता चांगल्या हुद्द्यावरचा इंजिनिअर, परवा एका लग्नात भेटला. आम्ही शिकविलेली कविता त्याला आठवेना. "सर, तुम्ही नावे वाचायचात तेव्हा मी नेहमी तिसरा असायचो," एवढे तो हसत म्हणाला, आणि आम्हांला पंगतीत आग्रहाने वाढू लागला.

सेंट सिप्रियन्सची इमारत १९३९ साली आगीत नष्ट झाली. आज ती पाहिली तर सारे किती लहान वाटेल, असे ऑर्वेल निबंधाच्या शेवटी म्हणतो. हा दिलासा विद्यार्थ्याला शोभतो. शिक्षकाने तो स्वतःला देऊ नये. आमच्या कचेरीत तो तक्ता आता पालकांकडून बंद पाकिटात येतो. निर्णय लहान आहे, आणि तीस वर्षे उशिरा झाला आहे.