यादीबाहेरचे यीस्ट

जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली रोगकारक बुरशींची पहिली अग्रक्रम-यादी प्रसिद्ध केली. तीत १९ नावे तीन गटांत मांडली आहेत. यीस्ट म्हणजे पाव फुगवणारे, एवढीच ओळख असलेल्यांनी ती जरूर पाहावी. पहिल्या गटातील चारांपैकी तीन यीस्टच आहेत: क्रिप्टोकॉकस निओफॉर्मन्स, कँडिडा ऑरिस आणि कँडिडा अल्बिकन्स. संशोधनाचा पैसा कुठे लावावा, हे ठरवायला यादी उपयोगी आहे. वर्गात मात्र ती जपून वापरावी.

कारण नावांचा क्रम लावला की सारा दोष जंतूचाच वाटू लागतो. पावाचे यीस्ट, सॅकरोमायसिस सेरेव्हिसिए, या यादीत नाहीच. तरीही जुलाबावर औषध म्हणून देतात ते त्याचेच एक वाण अतिदक्षता विभागातील रुग्णांच्या रक्तात सापडल्याच्या नोंदी आहेत. खाटेजवळ पुडी उघडली आणि तेच हात शिरेतल्या नळीला लागले, तरी त्याला वाट मिळू शकते. उलट क्रिप्टोकॉकस गॅटी तिसऱ्या गटात आहे. पण कॅनडातील व्हँकुव्हर बेटावर १९९९ पासून त्याने धडधाकट माणसांनाही फुप्फुसाचे व मेंदूच्या आवरणाचे आजार दिले. झाडामातीतले त्याचे कण श्वासातून आत गेले होते.

म्हणजे ‘संधिसाधू जंतू’ हा शब्दही अपुराच. संधी कोणी दिली, हे तो सांगत नाही. म्हणून ‘उपयुक्त’ आणि ‘उपद्रवी’ असे दोन रकाने फळ्यावर आखताना शेजारी तिसराही आखावा: कोणाच्या शरीरात, कोणत्या वाटेने?