ख्रिस्तपुराण व कृपाभ्रंशाचा प्रश्न

फादर थॉमस स्टीफन्सकृत ख्रिस्तपुराणाविषयीं मराठींत जें लिहिलें गेलें आहे, त्यांतील बराच भाग ग्रंथाची भाषा, त्यांतील ओवी आणि मराठी भाषेची त्यानें केलेली स्तुति यांसंबंधाचा आहे. ग्रंथांतील सिद्धांतांकडे त्या मानानें लक्ष कमी गेलें. एक प्रश्न मात्र असा आहे कीं, त्याचा उलगडा केल्यावांचून हा ग्रंथ नीट वाचतां येत नाहीं आणि गोव्याच्या त्या काळच्या कागदपत्रांचा अर्थही बरोबर लागत नाहीं. तो प्रश्न हा : बाप्तिस्मा घेऊन श्रद्धावान् झालेला मनुष्य पुढें आपल्या तारणास मुकूं शकतो कीं नाहीं? प्रस्तुत लेखांत याच प्रश्नाच्या अनुरोधानें ख्रिस्तपुराणाचें परीक्षण करावयाचें योजिलें आहे.

प्रथम ग्रंथाची हकीकत थोडक्यांत सांगतों. स्टीफन्स हा जातीनें इंग्रज, पंथानें रोमन कॅथॉलिक व येशूसंघाचा पाद्री. तो १५७९ सालच्या ऑक्टोबरांत गोव्यास उतरला व १६१९ सालीं गोव्यांतच वारला. त्याची पुष्कळ वर्षें साष्टी प्रांतांत गेलीं. ख्रिस्तपुराण १६१६ सालीं रोमन लिपींत छापलें गेलें. पुढें १६४९ व १६५४ सालीं त्याच्या आवृत्त्या निघाल्या. या तिहींपैकीं एकाही छापाची प्रत आज उपलब्ध नाहीं. ग्रंथ तगला तो हस्तलिखितांच्या बळावर. अशा प्रतींच्या आधारें सालडाना यांनीं १९०७ सालीं मंगळूर येथें त्याची रोमन लिपींतील आवृत्ति काढिली. तीप्रमाणें पहिल्या पुराणांत ३६ व दुसऱ्यांत ५९ अवस्वर असून ओव्यांची एकूण संख्या १०,९६२ भरते. पुढें १९५६ सालीं शांताराम बंडेलू यांनीं पुण्यास देवनागरी आवृत्ति सिद्ध केली.

या ग्रंथांत स्वर्गास वैकुंठ म्हटलें आहे, आणि मुक्ति हा शब्दही त्यांत वारंवार येतो. येथेंच मराठी वाचकाची फसगत होण्याचा संभव आहे. आपल्याकडे मोक्षाचें लक्षणच अपुनरावृत्ति. मिळालेला मोक्ष हरवला, हें बोलणें वंध्यापुत्रासारखें होय. उलटपक्षीं स्वर्ग हा पुण्य संपेतोंवरचा, हेंही आपल्याकडे सर्वश्रुत आहे. आणि जयविजयांची कथा ऐकलेल्या श्रोत्यास वैकुंठाच्या दारावरूनही खालीं यावें लागतें, हें निराळें सांगावें लागत नाहीं. साष्टींतील ज्या ब्राह्मणादि नवख्रिस्त्यांपुढें हें पुराण वाचलें जाई, त्यांच्या मनांत हे दोन्ही संस्कार होते. तेव्हां ‘मुक्ति’ हा शब्द त्यांनीं कोणत्या अर्थानें घेतला असेल, हें केवळ शब्दावरून ठरवितां येत नाहीं. त्यासाठीं स्टीफन्स ज्या धर्मशासनाखालीं लिहीत होता, तें पाहिलें पाहिजे.

तें शासन ट्रेंट येथील धर्मपरिषदेचें. १५४७ सालच्या जानेवारींत भरलेल्या तिच्या सहाव्या बैठकींत या प्रश्नाचा निर्णय स्पष्टपणें दिलेला आहे. एकदां नीतिमान् ठरलेल्या मनुष्यास पुन्हां पाप करतां येत नाहीं, किंवा त्याची कृपा जाऊं शकत नाहीं, असें म्हणणाऱ्यास परिषदेनें बहिष्कृत ठरविलें. विशेष साक्षात्कारावांचून आपण शेवटपर्यंत टिकूंच, अशी पूर्ण खात्री बाळगणेंही तिनें निषिद्ध केलें. मात्र पतित झालेल्यास वाट बंद ठेविली नाहीं. पापनिवेदन व प्रायश्चित्त यांच्या द्वारें गेलेली कृपा परत मिळते, असें सांगितलें. तारूं फुटल्यावर हातीं लागलेल्या दुसऱ्या फळीची उपमा या प्रायश्चित्तास तेथें दिली आहे. म्हणजे स्टीफन्सच्या संप्रदायाचें उत्तर असें : कृपा जाऊं शकते, ती परतही येऊं शकते, आणि मरणापर्यंत हिशेब मिटत नाहीं.

हें ध्यानांत ठेवून दुसऱ्या पुराणांतील प्रभूच्या दुःखभोगाचा भाग वाचावा. पेत्रु व यहूदा हे दोघेही निवडलेले शिष्य, आणि दोघेही एकाच रात्रीं पडले. एकानें गुरूस ओळखण्याचें तीन वेळां नाकारलें. दुसऱ्यानें त्यास पैशासाठीं धरून दिलें. दोघांसही पश्चात्ताप झाला. परंतु पेत्रु रडून परतला, आणि यहूदानें निराश होऊन जीव दिला. ही कथा शुभवर्तमानांतीलच आहे. तथापि जे श्रोते स्वतः किंवा ज्यांचे आईबाप नुकतेच जुनीं दैवतें सोडून आले, त्यांच्यापुढें ती पुराणरूपानें ठेवली म्हणजे तिला निराळें वजन येतें. तिचें तात्पर्य ‘शिष्य पडत नाहीं’ असें नसून ‘पडलेल्यानें निराश होऊं नये’ असें आहे. येशूसंघाच्याच एत्येन द ला क्र्वा या फ्रेंच पाद्र्यानें पुढें पेत्राच्या चरित्रावर स्वतंत्र मराठी पुराण रचिलें व तें १६२९ पासून गोव्यांत छापलें गेलें. पेत्र हा पहिला धर्माध्यक्ष, हें त्या निवडीचें मुख्य कारण खरें. पण नाकारून परतलेला शिष्य हा नवख्रिस्ती समाजास फार उपयोगाचा दृष्टांत होता, हेंही विसरतां येत नाहीं.

येथवर हा विषय केवळ भक्तीचा वाटेल. पण त्यास दुसरी व अधिक कठोर बाजू आहे. ट्रेंटच्याच सातव्या बैठकींत, १५४७ च्या मार्चांत, असें ठरलें कीं बाप्तिस्म्यानें आत्म्यावर एक अमिट मुद्रा उमटते, व म्हणून तो संस्कार पुन्हां करतां येत नाहीं. म्हणजे कृपा व मुद्रा या दोन निराळ्या वस्तु झाल्या. पापानें कृपा जाते. मुद्रा कशानेंही जात नाहीं. गोव्यांत १५६० सालीं स्थापन झालेल्या इन्क्विझिशनचा अधिकार मुख्यत्वें या दुसऱ्या तत्त्वावर उभा होता. बाप्तिस्मा घेतलेल्या मनुष्यानें तुळशीपुढें दिवा लाविला अथवा जुन्या देवास नवस फेडला, तर तो पुन्हां हिंदु झाला असें तें न्यायालय मानीत नसे; तो ख्रिस्तीच, परंतु अपराधी ख्रिस्ती, असें मानून त्याजवर खटला चाले. तारण गमावण्यास तो मोकळा होता. ख्रिस्तीपण गमावण्यास मोकळा नव्हता. या न्यायालयाचें काम १७७४ सालीं बंद पडून १७७८ च्या सुमारास पुन्हां सुरू झालें, व १८१२ सालीं तें कायमचें उठलें. त्याचें गोव्यांतील दप्तर बहुतेक नष्ट झालें; पण १६२३ सालीं जुआंव देल्गादु फिगेइरा यानें केलेली खटल्यांची यादी लिस्बनच्या राष्ट्रीय ग्रंथालयांत आहे. ती वाचतांना मुद्रा व कृपा यांतील हा भेद नजरेआड झाला, तर ‘धर्म सोडला’ व ‘धर्मांत राहून अपराध केला’ या दोन गोष्टी एकच समजल्या जातील, आणि त्यांवरून काढलेलीं अनुमानें चुकतील.

सर्व ख्रिस्ती मंडळीचें उत्तर मात्र एक नाहीं. स्टीफन्स वारला त्याच १६१९ सालीं हॉलंडांतील डॉर्ट येथील परिषदेनें नेमका उलट निर्णय दिला : ज्यांस देवानें निवडलें ते घसरतील, पण पूर्णपणें व कायमचे पडणार नाहींत. स्कॉटलंडच्या मंडळीनें मान्य केलेल्या वेस्टमिन्स्टर मतपत्रिकेंतही हेंच आहे. योहानाच्या शुभवर्तमानांतील, प्रभूच्या हातांतून कोणी मेंढरूं हिसकावून घेणार नाहीं, या वचनावर हा पक्ष भर देतो. विरुद्ध पक्ष इब्री लोकांस पाठविलेल्या पत्राचा सहावा अध्याय पुढें करितो. तेथें स्वर्गीय दानाची रुचि घेऊन नंतर पडलेल्यांविषयीं कडक इशारा आहे. वेस्लीच्या अनुयायांनीं हा दुसरा पक्ष उचलला.

हे दोन्ही पक्ष मराठी मुलुखांत आले. रिसोडच्या पश्चिमेस जालना व पूर्वेस यवतमाळ. जालन्याजवळ बेथेल ही ख्रिस्ती वसाहत नारायण शेषाद्रि यांनीं वसविली. ते १८४३ सालीं मुंबईस बाप्तिस्मा घेऊन फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडचे झाले. अर्थात् त्यांची मंडळी डॉर्टच्या बाजूची. यवतमाळास फ्री मेथडिस्ट मिशन आलें, तें वेस्लीच्या बाजूचें. पुढें यवतमाळास १९५३ सालीं निघालेली युनियन बिब्लिकल सेमिनरी १९८३ सालीं पुण्यास जाईपर्यंत तेथें होती, व तींत निरनिराळ्या मंडळ्यांचे विद्यार्थी एकत्र शिकत. नारायणांचा धाकटा भाऊ श्रीपत यासही मिशनऱ्यांच्या घरीं नेलें होतें. न्यायालयानें त्यास बापाच्या स्वाधीन केलें, आणि बाळशास्त्री जांभेकरांनीं त्याच्या शुद्धीचा पक्ष घेतल्यामुळें मोठा वाद माजला. श्रीपतास बाप्तिस्मा झालेला नव्हता. म्हणून मुद्रेचा प्रश्न मंडळीच्या बाजूनें उत्पन्नच झाला नाहीं. प्रश्न उरला तो हिंदुधर्मशास्त्राचा, कीं पतितास परत घेतां येतें काय. पडलेल्यास वाट आहे कीं नाहीं, हें कोडें दोन्ही धर्मांच्या शास्त्र्यांस एकाच काळीं पडलें होतें, ही गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे.

प्रॉटेस्टंट मराठींत ‘मुक्ती’पेक्षां ‘तारण’ हा शब्द रूढ झाला. जुनीं दप्तरें हाताळणाऱ्यांस त्याचा दुसरा अर्थ सांगावयास नको. तारण म्हणजे कर्जापोटीं ठेविलेली वस्तु. मराठी शास्त्रांत याच विषयाच्या ओघांत ‘विसार’ व ‘वतन’ हे शब्दही येतात : पवित्र आत्मा हा स्वर्गीय वतनाचा विसार म्हटला आहे. भाषांतरकारांनीं हे शब्द आपल्या व्यवहारांतून उचलले, आणि त्यांबरोबर व्यवहारांतला संशयही आला. विसार दिल्यावर सौदा फिरत नाहीं, हा एका पक्षाचा आधार. वतन वंशपरंपरा चालतें खरें, पण हरामखोरी केल्यास जप्त होतें, आणि नजर भरून, क्षमा मागून पुन्हां दुमालाही होतें; हा दुसऱ्या पक्षास अनुकूल दृष्टांत. शब्दांच्या या साक्षीवरून धर्मतत्त्वाचा निर्णय होणार नाहीं. पण मराठी श्रोत्याच्या कानीं प्रश्न कोणत्या रूपानें पडला, तें मात्र यावरून कळतें.

आतां ग्रंथाविषयीं आमचें मत. पडलेल्यास धीर देण्यांत ख्रिस्तपुराणाची योजना डॉर्टपेक्षां मराठी मनास जवळची आहे. डॉर्टच्या सिद्धांतांत निवडलेल्यास निश्चिंती आहे. पण कायमचा पडला तो मुळांतच निवडलेला नव्हता, असें म्हणावें लागतें. स्टीफन्सच्या मार्गांत कोणासही असें मागाहून परकें ठरवीत नाहींत. दार परत येणाऱ्यास नेहमीं उघडें. परंतु त्याच घराचें दार बाहेर जाणाऱ्यास बंद होतें, ही गोष्ट पुराणाच्या ओव्यांत दिसत नाहीं. ती इन्क्विझिशनच्या यादींत दिसते. ख्रिस्तपुराणाच्या करुणेचें कौतुक करणाऱ्यानें ही यादी शेजारीं ठेवून तें करावें. आणि यादी वाचून सर्व पाद्र्यांस एकाच मापानें मोजणाऱ्यानें पेत्राची कथा शेजारीं ठेवावी.

शेवटीं हस्तलिखितसंग्राहकांस एक सूचना. लंडन येथील मार्सडेन संग्रहांत ख्रिस्तपुराणाची देवनागरी प्रत आहे. जस्टिन ॲबट यांनीं ती उजेडांत आणिली, व मूळ ग्रंथास हीच अधिक जवळची असा पक्ष मांडिला. तो सर्वांस मान्य नाहीं. मंगळूर आवृत्तींत जेथें पोर्तुगीज किंवा लॅटिन पारिभाषिक शब्द आहेत, तेथें या प्रतींत पुष्कळदां संस्कृतोद्भव शब्द आढळतात. प्रस्तुत प्रश्नास हा पाठभेद निर्णायक महत्त्वाचा आहे. परका पारिभाषिक शब्द ट्रेंटचा नेमका अर्थ वाहतो. ‘कृपा’ व ‘मुक्ति’ हे शब्द आपला जुना अर्थ बरोबर घेऊन येतात. पोर्तुगीज सरकारनें १६८४ सालीं देशी भाषेच्या बंदीचा हुकूम काढिल्यावर असे ग्रंथ घरोघरीं लपून राहिले, व त्यांचीं सुटीं पानें आजही कोठें निघण्याचा संभव आहे. तसें पान हातीं येईल त्यानें लिपि व कागद यांबरोबर पारिभाषिक शब्दही जसाचा तसा, ऱ्हस्वदीर्घासह, टिपून घ्यावा. पेत्र व यहूदा यांच्या अवस्वरांतील एखादें पान मिळाल्यास तर तें पान ग्रंथाच्या सबंध प्रतीइतकें मोलाचें समजावें.