शिकागोच्या थंडीत फुटणारा काटा

हलव्याला काटा फुटायचा तर दोन गोष्टी लागतात: थंडी आणि कोरडी हवा. पुण्या-नाशकाकडे पौषात दोन्ही मिळतात. मुंबईत समुद्राची दमट हवा आडवी येते, म्हणून तिथल्या कितीतरी घरांत हलव्याची परात पहाटेच्या गारव्यात शेगडीवर चढायची. शिकागोच्या भोवतालच्या आपल्या गावांत, नेपरव्हिल, ऑरोरा, शॉमबर्गमध्ये, या दोन्ही गोष्टी डिसेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत हव्या तेवढ्या असतात. जानेवारीत इथे भर दुपारचा पाराही शून्याच्या आसपास घुटमळतो. गोठलेल्या हवेत बाष्प नावापुरतंच उरतं आणि तीच हवा फर्नेसमधून तापून घरात आली की आणखी कोरडी होते. ओठ फुटतात, स्वेटर काढताना ठिणग्या उडतात, लाकडी जमिनीच्या फटी रुंदावतात. या हवेबद्दल आपण सगळे कुरकुरतो. हलवा करणाऱ्या बायका मात्र कुरकुरत नाहीत. त्या ह्युमिडिफायर बंद करतात आणि कढई चढवतात.

आपल्या मंडळाच्या संक्रांतीला दरवर्षी काळ्या साडीवर पांढरेशुभ्र दागिने घालून मिरवणाऱ्या नव्या सुना आपण पाहतो, बोरन्हाणाला मुकुट घालून बसलेली बाळं पाहतो, फोटो काढतो. त्या दागिन्यांमागे कोणाकोणाच्या स्वयंपाकघरातल्या किती संध्याकाळी आहेत, हे या स्मरणिकेत एकदा नोंदवून ठेवावं, असं बरीच वर्षं मनात होतं.

१९६५ च्या कायद्याने अमेरिकेची दारं उघडली आणि मराठी डॉक्टर, इंजिनिअर इकडे येऊ लागले. त्यांच्याबरोबर आलेल्या तरुण मुलींच्या सामानात पोळपाट-लाटणं असायचं, गोडा मसाला असायचा, हलवा नसायचा. तो प्रवासात टिकत नाही. काटे मोडतात आणि पिशवीत साखरेचा भुगा उरतो. ज्यांना संक्रांत हलव्याशिवाय सुनी वाटली, त्यांनी तो इथेच करून पाहिला. १९७४ साली डेव्हॉन अ‍ॅव्हेन्यूवर पटेल ब्रदर्सचं पहिलं दुकान उघडलं. त्याआधी पांढरी खसखस मिळवणं सोपं नव्हतं. पण पावावर भुरभुरायची काळसर निळी खसखस इथल्या कुठल्याही दुकानात मिळायची, तीळही मिळायचे. पहिल्या फळीतल्या एक आजी सांगतात, की त्यांनी त्या निळ्या खसखशीवरच पाक चढवला. पाचव्या-सहाव्या थरानंतर आत कोणत्या रंगाचा दाणा आहे, हे कोणाला दिसणार?

हलवा कसा होतो हे ज्यांनी पाहिलं नाही, त्यांना ती एक मिठाई वाटते. करणाऱ्यांना विचाराल तर तो हाताचा रियाज आहे. पाव वाटी तीळ किंवा खसखस घ्यायची. दोन वाट्या साखरेत एक वाटी पाणी घालून उकळायचं, चमचाभर दूध सोडून वर येणारी मळी काढून टाकायची आणि एकतारीच्या अलीकडेच पाक उतरवून गाळून घ्यायचा. जाड बुडाच्या कढईत तीळ घालून अगदी मंद आंच ठेवायची. इथल्या कॉइलच्या शेगडीवर ही आंच सांभाळणं अवघड जातं, म्हणून अनेकजणी कढईखाली जाड तवा ठेवतात. मग चमचाभर पाक सोडायचा आणि बोटांनी दाणे फिरवत राहायचे. दाणे आधी एकमेकांना चिकटतात, ते हलकेच सोडवायचे. पाक सुकून दाणे पुन्हा खुळखुळू लागले की पुढचा चमचा. एवढंच. पण हे एवढंच तासन् तास करायचं असतं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा, तिसऱ्या दिवशी पुन्हा. पहिल्या दिवशी तीळ फक्त पांढरे होतात. दुसऱ्या दिवशी बोटाला खरखर लागते. मग कधीतरी, चाळणीने भुगा चाळून काढताना, दिव्याखाली धरलेल्या दाण्यावर बारीक बारीक टोकं उभी राहिलेली दिसतात.

इथे घाई चालत नाही. काटा आलेल्या दाण्यांवर एकदम जास्त पाक पडला, तर आलेला काटा विरघळतो आणि दाणा गुळगुळीत होऊन बसतो. आंच वाढली तर साखर पिवळी पडते. झारा किंवा चमचा वापरला तर टोकं झडतात. नेपरव्हिलच्या एक काकू, ज्या मंडळातल्या बहुतेक हलवेवाल्यांच्या गुरू आहेत, नवीन मुलीला पहिला धडा देतात तो हाच: “अगं, चमचा बाजूला ठेव. बोटं घाल. आणि घासू नकोस, नाचव.” बोटांना चटके बसतात. त्याची सवय होते, असं त्या म्हणतात आणि खरंच होते.

काटा येतो तो का, याचंही मला कायम नवल वाटत आलं आहे. ओल्या पाकाचा पातळ थर दाण्यावर सुकला की साखरेचे स्फटिक धरतात. तो थर कधीच अगदी सारखा बसत नाही. कुठे कणभर उंचवटा राहतो. पुढच्या चमच्याचा पाक त्या उंचवट्याला लागतो, तिथेच लवकर सुकतो आणि उंचवटा आणखी वाढतो. हवा दमट असेल तर पाक सुकायच्या आत पसरतो आणि खाचा भरून निघतात. म्हणजे काट्याचं सगळं गणित सुकण्याच्या वेगावर आहे. जपानमध्ये अशाच काटेरी साखरदाण्यांना कोन्पेइतो म्हणतात. ती विद्या सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी तिकडे नेली. लुईश फ्रोइश या जेझुइट धर्मोपदेशकाने १५६९ साली ओदा नोबुनागा या सरदाराला काचेच्या बरणीत हे दाणे भेट दिल्याची नोंद आहे. तिकडचे कारागीर आजही मोठ्या फिरत्या तिरप्या कढईत पाक शिंपडत दोन-दोन आठवडे एक घाणा करतात, आणि तोराहिको तेरादा या जपानी पदार्थवैज्ञानिकाने त्या टोकांच्या कोड्याचा गंभीरपणे विचार केला होता. जे काम तिथे व्यावसायिक कारागिराचं मानतात, ते आपल्याकडे घरच्या बायकांनी ओट्याशी उभं राहून, बाकीचा स्वयंपाक सांभाळत केलं, आणि त्याला कोणी कारागिरी म्हटलं नाही. मी म्हणतो.

या कामाने इथल्या हिवाळ्याचं काय केलं, ते आता सांगतो. डिसेंबरच्या मध्यावर शिकागोत साडेचारच्या आत सूर्य मावळतो. ऑफिसातून घरी येताना अंधार, सकाळी निघताना अंधार. ज्यांचं बालपण सोलापूर-सांगलीच्या उन्हात गेलं, त्यांना या अंधाराचं ओझं होतं. नव्याने आलेल्या, नोकरीचा परवाना नसलेल्या, दिवसभर घरात एकट्या असणाऱ्या मुलींना तर फारच होतं. फोनवर आईला “सगळं छान आहे” म्हणायचं आणि खिडकीतून पांढऱ्या रस्त्याकडे बघत बसायचं. अशा मुलीला कोणी टीव्ही बघ म्हटल्याने बरं वाटत नाही. पण कढई समोर असली की हात गुंततात, आंचेची ऊब तोंडाला लागते, दाण्यांचा एकसारखा खुळखुळ आवाज येत राहतो, आणि डोकं रिकामं न राहताही शांत होतं. वाचता येत नाही, फोन हातात घेता येत नाही, कारण बोटं पाकाची असतात. गाणी ऐकता येतात, गप्पा मारता येतात. एकीचे हात दमले की दुसरी कढईशी उभी राहते.

३० जानेवारी २०१९ ची आठवण इथल्या सगळ्यांना असेल. पारा उणे तीस अंश सेल्सिअसवर गेला होता, शाळा बंद, टपाल बंद, बाहेर पडू नका म्हणून दर तासाला बातम्या. त्या वर्षी रथसप्तमी १२ फेब्रुवारीला होती, म्हणजे हळदीकुंकवाचे दिवस अजून चालू होते. आमच्या गल्लीतल्या तीन मराठी घरांत त्या दिवशी हलवा झाला. एका घरात वडील आणि शाळेला सुट्टी मिळालेला मुलगा कढईशी होते. आई जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून मीटिंगमध्ये होती. त्या दिवशीचा काटा सगळ्यांत टोकदार आला, असं तिन्ही घरांचं म्हणणं आहे, आणि हवेचा कोरडेपणा पाहता मला ते पटतं.

हलवा झाला की निम्मंच काम होतं. दागिने गुंफणं ही वेगळी विद्या. दाण्याला सुईने भोक पाडायला गेलं तर तो फुटतो. म्हणून जाणत्या बायका दोऱ्याचा फास करून त्यात एकेक दाणा धरतात, गाठ आवळतात, आणि दोन दाण्यांमध्ये जर किंवा बारीक सोनेरी मणी घालतात. गाठ सैल राहिली तर दाणा निसटतो, जास्त आवळली तर काटे तुटतात. खसखशीचा बारीक हलवा नथीला आणि बिंदीला, तिळाचा हारांना आणि बांगड्यांना, साबुदाण्याचा टपोरा मुकुटाला आणि कंबरपट्ट्याला. मंगळसूत्र, बाजूबंद, तोडे, बाळासाठी बासरी, जावयासाठी हार आणि हलव्याने मढवलेला नारळ. बर्फ पडत असताना चार बायका एका सोफ्यावर मांडीवर काळं कापड पसरून बसल्या आहेत आणि मधल्या ताटात पांढरे दाणे आहेत, हे दृश्य मी अनेकदा पाहिलं आहे. काळं कापड का, तर निसटलेला दाणा त्यावर लगेच दिसतो. इथल्या शेजारणी हिवाळ्यात विणकाम घेऊन बसतात, क्विल्टचे तुकडे जोडतात. त्यांतली एखादी कधी डोकावली तर तिला हे काम समजावून सांगावं लागत नाही. तीही हातात दोरा घेते.

एक गोष्ट मात्र मला मनापासून खटकते. अलीकडे पुठ्ठ्यावर गोंदाने तयार साखरगोळ्या चिकटवून संच केले जातात, त्यात प्लास्टिकचे मोती मिसळतात. दिसायला ते ठसठशीत असतात, शिवाय पटकन होतात. ज्यांना वेळ नाही त्यांनी ते जरूर घ्यावेत, सण साजरा व्हावा. पण बोरन्हाणाच्या बाळाला ते घालू नयेत. बाळ हातातला दागिना तोंडात घालतंच, आणि घालावा म्हणून तर तो साखरेचा असतो. गोंद आणि प्लास्टिक आलं की बाळाच्या हातातून तो सारखा काढून घ्यावा लागतो. बोरं इथे सहज मिळत नाहीत म्हणून आपण बाळाच्या डोक्यावरून ब्लूबेरी आणि चॉकलेटं ओततो, चुरमुऱ्यांत पॉपकॉर्न मिसळतो. हा बदल मला आनंदाचा वाटतो. जे गाव आहे तिथलं फळ आपण घेतलं. दोऱ्याच्या गाठीऐवजी गोंद घेण्यात मात्र कोणतंच गाव नाही, फक्त घाई आहे.

सुदैवाने शिकणारे हात वाढताहेत. मंडळातल्या काही जाणत्या बायका नाताळच्या सुट्टीत आपापल्या घरी कढई मांडतात आणि येईल त्याला शिकवतात. फी नाही, नोंदणी नाही. येताना साखरेची पिशवी आणायची आणि जाताना आपला दाणा घेऊन जायचा. इथे जन्मलेली मुलं येतात. मराठी बोलताना अडखळणारा एक कॉलेजचा मुलगा गेल्या हिवाळ्यात आजीशेजारी उभा राहून दोन संध्याकाळी दाणे नाचवत होता. रसायनशास्त्र शिकणाऱ्या एका मुलीने पाकाचं तापमान मोजून वहीत टिपून ठेवलं, आणि काकूंनी बोटाने ओळखलेला क्षण आणि तिच्या थर्मामीटरचा आकडा दरवेळी जुळत गेला. आता ती वही काकूंच्या ओट्यावर असते.

पूर्वी पुण्याहून येणाऱ्या पाहुण्याकडे आपण हलव्याच्या दागिन्यांचा डबा मागवायचो आणि तो अर्धा तुटलेला पोचायचा. गेली काही वर्षं डबे इथून निघतात. ह्यूस्टन आणि टँपाला राहणाऱ्या लेकीसुनांना तिथल्या दमट हवेत काटा येत नाही, म्हणून त्यांच्या बाळांचे मुकुट आणि बाजूबंद नेपरव्हिलच्या सोफ्यावर गुंफले जातात. प्रत्येक दागिना पातळ कागदात गुंडाळून, घट्ट झाकणाच्या डब्यात, तळाशी ओल शोषायला कोरड्या तांदळाची पुरचुंडी ठेवून टपालाने जातो. यंदाची मागणी नोव्हेंबरातच आली आहे आणि हातांची गरज आहे. ज्यांना बसायचं असेल त्यांनी नाताळच्या आठवड्यात यावं, ह्युमिडिफायर बंद असेल, म्हणून ओठांना लावायला काहीतरी बरोबर आणावं.