रक्ततपासणीचे बिल : मोजमाप किती, वजाबाकी किती?

रत्नागिरीत हल्ली वर्तमानपत्राच्या घडीतून रक्ततपासणीची रंगीत पत्रके घरी येतात. ‘एकाच दरात ६० चाचण्या’ अशा धर्तीचा त्यांचा मथळा असतो. आमच्या शाळेतल्या एका सहकाऱ्यांनी अशी तपासणी करून घेतली. बिलावर एकच ओळ होती : ‘पॅकेज’. अहवाल मात्र चार पानी. त्यातली दोन पाने गणिताच्या शिक्षकाने जरूर वाचावीत.

पहिले पान यकृताचे. विकरे बाजूला ठेवली तर त्यावर ७ ओळी होत्या : एकूण, प्रत्यक्ष आणि अप्रत्यक्ष बिलिरुबिन, एकूण प्रथिने, अल्ब्युमिन, ग्लोब्युलिन आणि शेवटच्या दोहोंचे गुणोत्तर. यंत्राने मोजल्या त्या चारच. अप्रत्यक्ष बिलिरुबिन व ग्लोब्युलिन ही वजाबाकी, गुणोत्तर हा भागाकार.

दुसरे पान मेदाचे. येथेही ७ ओळी, पण मोजमापे तीनच. कोलेस्टेरॉल २००, एचडीएल ५० आणि ट्रायग्लिसराइड १५० असेल, तर १५० ला ५ ने भागून व्हीएलडीएल ३० येते. २०० मधून ५० आणि ३० वजा केले की एलडीएल १२०. हे फ्रीडेवाल्ड यांचे १९७२ सालचे सूत्र. ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर गेले की ते लागू पडत नाही. उरलेल्या दोन ओळी गुणोत्तरांच्या. म्हणजे १४ ओळींमागे मोजमापे ७.

हे आकडे निरुपयोगी आहेत असे नाही. डॉक्टरांना ते लागतात. आक्षेप आहे तो वजाबाकीला ‘चाचणी’ म्हणून मोजण्यावर.

अमेरिकेत अशा नेहमीच्या रसायन-तपासणीला ८००५३ हा सांकेतिक क्रमांक आहे. त्यात कोणती १४ मोजमापे येतात हे ठरलेले असते; ग्लोब्युलिन त्यात धरत नाहीत. पण संकेतांक म्हणजे सचोटीची हमी नव्हे. तेथील नॅशनल हेल्थ लॅबोरेटरीज या कंपनीने नेहमीच्या तपासणीला एचडीएल आणि फेरिटिन जोडले. डॉक्टरांची समजूत अशी की यांचे वेगळे पैसे पडत नाहीत. सरकारी विम्याकडे मात्र वेगळे बिल जात होते. १९९२ मध्ये कंपनीला सुमारे ११ कोटी डॉलर भरून प्रकरण मिटवावे लागले. काय मोजले याबरोबरच ते कोणी मागितले, हेही बिलाने सांगायला हवे.

जास्त चाचण्या म्हणजे जास्त सुरक्षितता, हाही भ्रमच. ‘सामान्य मर्यादा’ बहुधा निरोगी माणसांपैकी मधल्या ९५ टक्क्यांवरून ठरवतात. परस्परांशी संबंध नसलेल्या २० चाचण्या केल्या, तर पूर्ण निरोगी माणसाचाही निदान एक आकडा मर्यादेबाहेर जाण्याची शक्यता ६४ टक्के असते. त्या ठळक छापलेल्या आकड्यामागे मग नवी तपासणी, नवा खर्च आणि घरभर काळजी.

एखादा जुना अहवाल नाव खोडून वर्गात न्या. मोजलेल्या ओळीपुढे ‘मो’ आणि गणिताने काढलेल्या ओळीपुढे ‘ग’ लिहायला सांगा. पत्रकावरच्या ६० चे खरे किती होतात, ते मुलेच सांगतील.