भार वाहणाऱ्या नागिणी

तारापूरचा किल्ला इ. स. १७३९ च्या जानेवारींत मराठ्यांनीं पोर्तुगीजांपासून घेतला; बाजी भिवराव रेठरेकर तेथेंच कामास आले. मे महिन्यांत वसईहि पडली. या मोहिमेचा लष्करी वृत्तांत आमच्या अभ्यासकांनीं कसोशीनें लाविला; परंतु त्या राजवटींतील लांकडी सामानाकडे त्यांचें लक्ष क्वचितच गेलें आहे. त्या सामानाचा उत्कृष्ट मासला म्हणजे तिच्या राजधानींतील, गोव्यांतील, ‘कोंतादोर’ नांवाचें सतराव्या शतकांतील खणांचें कपाट होय.

असें एक कपाट लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयांत आहे. वरची पेटी सागवानी असून तीवर अबनूस व हस्तिदंत यांचें जडावकाम आहे. खालीं पायांच्या जागीं कमरेपर्यंत स्त्रीदेह व पुढें शेपूट अशा कोरीव आकृति आहेत. त्यांस कोणी मत्स्यकन्या म्हणतात, कोणी नागिणी. आमच्या मतें दोन्ही अर्थ संभवतात. यूरोपीय गिऱ्हाइकास एक दिसावा व येथल्या सुतारास दुसरा.

हें शिल्प कीं सामान? कसोटी सोपी आहे: कोरीव आकृति काढून टाकिली तर वस्तूचें काम चालेल काय? वाईजवळील मेणवलीची घंटा वसईच्या विजयाची खूण म्हणून प्रसिद्ध आहे. तीवर मेरी व बाल येशू यांची उठावाची आकृति असून १७०७ हा सन आहे. ती आकृति घासून काढिली तरी घंटा वाजेलच. तेथें शिल्प हा अलंकार आहे. कोंतादोराच्या नागिणी काढिल्या तर कपाट जमिनीवर येईल. येथें शिल्प व उपयोग यांची फारकत करतांच येत नाहीं.

दोषहि सांगितला पाहिजे. या जातीच्या कांहीं कपाटांत दर्शनी बाजूस जितके खण दिसतात तितके आंत नसतात. एकाच खणावर दोन-तीन खणांचा आभास केलेला असतो. म्हणजे ज्या जडावकामाची सर्वत्र वाहवा होते, तेंच येथें फसवितें. पाय मात्र जें दाखवितात तेंच करितात.

म्हणून अशा वस्तूंची नोंद केवळ ‘सामान’ या सदरांत करणें अपुरें आहे. त्या योगें निनांवी सुतार आमच्या मूर्तिकलेच्या इतिहासांतून उगाच वगळला जातो. त्याचें नांव नाहीं म्हणून त्याची जागाहि हिरावून घेऊं नये.