कपाटातले जिन्नस, बाहेरची झाडे : राणीची बाग आणि भाऊ दाजी लाड संग्रहालय

नाशिक जिल्ह्यातला माणूस मुलाबाळांसह भायखळ्याला जातो तो राणीच्या बागेतले वाघ आणि पेंग्विन पाहायला. वेळ उरलाच तर आवारातल्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात डोकावतो. बाग मुलांची, संग्रहालय अभ्यासकांचे, अशी वाटणी आपण मनाशी करून ठेवली आहे. या जागेचा इतिहास तपासला तर ही वाटणी टिकत नाही. दोन्ही एकाच कल्पनेतून उभी राहिली. एक सोडून दुसरे वाचले तर अर्थ निम्माच हाती लागतो.

संग्रहालयाचे मूळ 1855च्या पॅरिस प्रदर्शनासाठी जमवलेल्या वस्तूंत आहे. 1857च्या धामधुमीत फोर्टमधला हा संग्रह घाईने हलवला गेला आणि त्यातला बराच नष्ट झाला. पुढे जगन्नाथ शंकरशेट, डॉ. भाऊ दाजी आणि डॉ. जॉर्ज बर्डवुड यांनी वर्गणीतून नव्या इमारतीचा घाट घातला. 1862 हे वर्ष इथे कळीचे आहे. त्याच वर्षी बाग खुली झाली, संग्रहालयाची कोनशिला बसली आणि बर्डवुडची सूची छापून निघाली. ही संग्रहालयाची सूची. पण तिचा विषय मुंबई इलाख्यातला वनस्पतिजन्य कच्चा माल. मूर्ती किंवा चित्रे यांच्याऐवजी तीत धान्ये, तेलबिया, रंग, धागे, लाकूड आणि औषधी आहेत. बर्डवुड बागेशी संबंधित कृषी-उद्यान संस्थेचेही चिटणीस होते. बागेत झाड आणि कपाटात त्याचा जिन्नस, असा हा जोडव्यवहार होता.

त्या काळच्या मुंबईतला पैसाही एका झाडावरच आला होता. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाला सोन्याचा भाव आला. खानदेश-वऱ्हाडचा कापूस आधी बैलगाड्यांनी, मग आपल्या मनमाडवरून जाणाऱ्या रेल्वेने मुंबईच्या बंदराकडे निघाला. 1865मध्ये बाजार कोसळला, वर्गणी आटली, बांधकाम रेंगाळले. सरकारने हात दिल्यावर 1872मध्ये संग्रहालय उघडले.

यावर एक आक्षेप रास्त आहे. ही सूची म्हणजे साम्राज्याची व्यापारी खतावणी. काय पिकते आणि काय नेता येते, याची नोंद. मग तो जोड पुन्हा कशाला जुळवायचा? उत्तर भाऊ दाजींच्या कामात आहे. 1975मध्ये ज्यांचे नाव संग्रहालयाला दिले गेले, ते शिलालेख वाचणारे पंडित होते, तसेच वनौषधींनी कुष्ठरोगावर उपचार शोधणारे वैद्यही होते. तीच वनस्पती व्यापाऱ्याला माल होती, त्यांना औषध. दोन्ही वाचने शेजारी ठेवली तरच खतावणीतला हिशेब उघड होतो.

2003च्या करारानंतर महापालिका, इन्टॅक आणि जमनालाल बजाज फाउंडेशन यांनी संग्रहालयाचे जतन केले. 2005मध्ये त्याला युनेस्कोचा पुरस्कार मिळाला, 2008मध्ये ते पुन्हा खुले झाले. हे काम उत्तमच आहे. पण जतनाची दृष्टी भिंतीपाशी थांबली. बाहेर प्राणिसंग्रहालयाच्या आधुनिकीकरणाचा आराखडा आला, तेव्हा जुन्या झाडांसाठी नागरिकांनाच उभे राहावे लागले. गोरखचिंच किंवा उर्वशी ही तिथे पिंजऱ्यांमधली सावली नव्हे. ती संग्रहातली जिवंत वस्तू आहे. काचेआडची मातीची बाहुली तडकली तर तज्ज्ञ धावतो. फांदी छाटायला करवत पुरते.

त्यासाठी मोठा निधी लागत नाही. संग्रहालयातल्या लाकडी वस्तूखाली झाडाचे मराठी नाव आणि बागेत असल्यास त्याची जागा लिहावी. झाडाच्या पाटीवर त्याच्यापासून काय घडते, घडवणारे कोण, आणि ते पूर्वी कुठे विकले जाई हे लिहावे. झाडांची नोंदवही संग्रहालयाच्या दाखलनोंदीइतकीच काटेकोर हवी, म्हणजे एखादे झाड तोडणे हे वस्तू गहाळ होण्याइतकेच गंभीर ठरेल. कापसाच्या मुलखातून आलेल्या पोराला तिथे आपल्या शेताचा इतिहास सापडायला हवा. आज तो पेंग्विन पाहून परततो.